तिचं लग्न ठरलंय

जिजाबाई : मंग? एवढुसंच वाक्य हाय ना. सांगून टाकजो. तोंड काय दुखते तुह्यं?

पौर्णिमा : आई, तिचा पाय सोड थोडा. किती रगडतेस.

जिजाबाई : पाच महिन्याची पोट्टी. आता नाई रगडलं तं कवा? तुले बी असंच रगडलं होतं, म्हनून सहा फुटाची झाली. बोलनं बदलू नोको. फोन कवा येईन त्या बाईचा?

पौर्णिमा : तिच्या टीमची सकाळची प्रॅक्टिस सुटली का करीन. मोबाइल इकडं दे, तेलाचे हात लागतात तुझे.

जिजाबाई : नाव काय म्हनलं तिचं?

पौर्णिमा : तमार. जॉर्जियातली. शेवटचे दोन सीझन मी जिच्या हाताखाली खेळली, तेच कोच.

जिजाबाई : अन् तिले पायजे प्रभाकर मास्तरची नात.

पौर्णिमा : तिले पायजे एक उंच पोरगी, बास्केटखाली उभी राहणारी. मयुरीनं आपल्या खेळाचा व्हिडिओ तिकडं पाठवला होता. तमारनं गावाचं नाव वाचलं, वर्धा. मले लगेच मेसेज. म्हणे, पौर्णिमा, ही तर तुझ्या गावची, तू सांगशील तसं करते.

जिजाबाई : आपन देव मानत नाई, पन हे असं जुळवून आनलं कोनं वं?

पौर्णिमा : कोनी नाई. वर्धेत उंच पोरी आहेतच किती!

जिजाबाई : ऐक वं मैना. तुही माय गप बसते, मीच सांगतो तुले.

पौर्णिमा : तिले कायले सांगतेस? तिले काय समजते?

जिजाबाई : बाळपनी ऐकलेलं हाडात मुरते. ऐक. तुही माय एकोनीस वर्साची होती. नॅशनलची टीम निवडाले मोठमोठे लोक आलते. नॅशनल खेळली का रेलवेत नोकरी. तुहा आजोबा एष्टीत कंडक्टर, सुट्टी टाकून मैदानावर जाऊन बसला. अन् हा प्रभाकर मास्तर, तिचा कोच, बारा वर्साची होती तवापासून शिकवनारा, तो निवडनाऱ्याइच्या कानाले लागला. म्हने, हिचं लगन ठरलंय, हे काई येनार नाई. लगन! घरात ना सोयरीक ना सोयरा. अन् आपली भाची घुसवली.

पौर्णिमा : सुलोचना.

जिजाबाई : हो, तेच सुलोचना. ते आज टेसनात पंख्याखाली बसून तिकिटं फाडते, अन् तुही माय दुनियाभर बॉल आपटत फिरली. म्हनून आज तुही माय फोनवर सांगनार हाय, बाई, मयुरी चांगली हाय, पन तिचं लगन ठरलंय. मास्तरनं सांगतलं तेवढंच. एक अक्षर जास्त नाई.

पौर्णिमा : तेच सांगनार हाय. दोन दिवसांपासून तेच घोकून राह्यली.

जिजाबाई : मंग तोंड असं काऊन पडलं तुह्यं?

पौर्णिमा : झोप कुठं हाय? तुझी नात... आई, दारात कोनी हाय वाटते.

प्रभाकरराव : जिजाबाई, आहात का घरी? मी प्रभाकर. शाळेतला.

जिजाबाई : घ्या! नाव काढलं अन् हजर.

पौर्णिमा : पाणी विचारू नको त्याले.

जिजाबाई : दारात आलेल्याले पानी देल्याबिगर मले नाई जमत. सेवाग्रामच्या दवाखान्यात आया होती मी, दुश्मनाले बी पानी पाजलं. या मास्तर. बसा. ते खुर्ची घ्या, खाटेवर पोट्टीचं तेल सांडलं हाय.

प्रभाकरराव : कशी आहेस पौर्णिमा? बाळाला बघायला आलो. बरेच दिवस येईन येईन म्हणत होतो. हा गोरसपाक आणलाय, ताजी बिस्किटं आहेत.

पौर्णिमा : बाळाला दात नाहीत सर.

प्रभाकरराव : तुझ्यासाठी गं.

पौर्णिमा : माझ्यासाठी? बरं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आणलंत.

प्रभाकरराव : कोणावर गेलीय? कपाळ बघ किती मोठं आहे. देतेस जरा?

पौर्णिमा : नको. आता तेल लावलंय. निसटेल तुमच्या हातून.

प्रभाकरराव : बरं, बरं. हे बघ, मी आडवळण घेत नाही. मयुरीनं सांगितलं, आज त्या जॉर्जियाच्या मॅडमचा तुला फोन येणार आहे. ती सकाळपासून जेवलेली नाही. लहानपणापासून माझ्याकडेच वाढली ती, तिचे आईवडील नागपूरला. तिला दुसरं काही सुचत नाही गं, फक्त खेळ. म्हटलं, आपण जाऊन बोलावं. शेवटी तू माझीच विद्यार्थिनी.

पौर्णिमा : मी पण जेवले नव्हते त्या दिवशी.

प्रभाकरराव : कोणत्या दिवशी?

पौर्णिमा : आई, ऐकलंस? कोणत्या दिवशी, म्हणतात.

प्रभाकरराव : तू निवड चाचणीचं म्हणतेस का? अगं, तुझा गुडघा तेव्हा...

पौर्णिमा : हां! गुडघा! आलं ना तोंडात? आई, तू हिले कुशीत घे, मले यांच्याशी नीट बोलू दे. सर, माझे बाबा तुमच्या घरी आले होते. आठवते? खाकी ड्रेसवरच आले होते, ड्युटी सोडून. तुम्ही गेटच्या आत उभे, ते बाहेर. गेट उघडलं नाही तुम्ही. ते हात जोडून म्हणाले, सर, पोरीची काय चूक झाली? तुम्ही म्हणालात, नानाजी, तिचा गुडघा कच्चा आहे, मी काय करू.

जिजाबाई : मरेस्तोर गुडघा त्याच्या डोक्यातून गेला नाई. निरगुडीचा पाला आने, गरम करून बांधे तिच्या पायाले. डिंकाचे लाडू करवून घे माह्या हातानं. ते तिकडं परदेशात, अन् फोनवर ह्याचा पहिला सवाल, बेटा, गुडघा कसा हाय?

पौर्णिमा : नऊ वर्षं खेळले मी बाहेर. दोन्ही घोटे गेले. नाक मोडलं. हे बोट पाहा, सरळ होत नाही आता. गुडघा एकदाही गेला नाही सर. एकदाही नाही.

प्रभाकरराव : मला वाटलं होतं तेव्हा तसं...

पौर्णिमा : नाही वाटलं. बाबाले गुडघा सांगितला अन् समितीले लग्न सांगितलं. दोन जागी दोन. मालदीवमध्ये मला त्या समितीवरची बाई भेटली. आमची मॅच पाहायला आली होती, नवऱ्यासोबत फिरायला आलेली. मला पाहून म्हणते, अगं, तू खेळतेस? तुझं तर लग्न होतं ना तेव्हा? प्रभाकररावांनी सांगितलं म्हणून तुझं नाव आम्हीच कापलं. हसत हसत सांगितलं तिनं. पुढच्या हाफमध्ये मी एकबी बॉल धरला नाही.

प्रभाकरराव : मी तसं म्हणालो असेन.

पौर्णिमा : असेन?

प्रभाकरराव : खरं सांगतो, मला नक्की आठवत नाही. रागावू नकोस. समितीवाले दरवेळी विचारायचे, कोण येईल, कोण ऐनवेळी गळेल. मुलींचं असंच असतं. किती जणींबद्दल मी काय काय बोललो असेन. आणि तुमच्याकडे तर मुलींची लग्नं तशी लवकरच...

पौर्णिमा : आमच्याकडे म्हणजे?

प्रभाकरराव : म्हणजे... तसं नाही.

पौर्णिमा : बोला ना. आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?

जिजाबाई : मास्तर, पानी प्या. घशात अडकलं वाटते.

प्रभाकरराव : चुकलं माझं.

पौर्णिमा : मयुरी आता वीस वर्षांची आहे. तुमच्याकडे कितव्या वर्षी ठरतं?

प्रभाकरराव : पौर्णिमा, मी म्हातारा झालो. तू हवं ते बोल मला. पण एक सांगतो, तुझं वाईट झालं नाही. सुलोचनाला विचार. ती त्या खिडकीत बसून तिकिटं देता देता म्हातारी झाली. बॉलला हात लावून किती वर्षं झाली असतील तिला. तू मात्र जग पाहिलंस. एका अर्थी...

जिजाबाई : उपकार केले म्हनता?

पौर्णिमा : थांब आई. जग पाह्यलं म्हणतात. सांगते मी काय पाह्यलं ते. मालदीवमध्ये पत्र्याखालचं मैदान, बाजूले समुद्र. खाऱ्या हवेनं बॉल असा निसटे, जसा ओला साबण. थायलंडात एक दिवस सकाळी गेली तं हॉलले कुलूप. क्लबच बुडाला होता. आम्हाले कोनी सांगितलंबी नाई, वॉचमननं लांबूनच हात हलवला. मंगोलियात एवढी थंडी का बॉल उसळेच ना, मॅचच्या आधी हिटरपाशी शेकत बसू त्याले. कोसोवोत माझं नाव कोनाले जमेना, माइकवर नुसतं 'पाऊ' म्हणत. अन् सगळीकडं मी कोन? इम्पोर्ट. बाहेरून मागवलेला माल. टीम जिंकली का त्यांच्या पोरी जिंकल्या. हरली का पहिले इम्पोर्टले घरी पाठवा.

जिजाबाई : मले तं म्हने, आई, मजेत हाय.

पौर्णिमा : रात्री मॅच हरली का सकाळी नाष्ट्याच्या वेळी मी मॅनेजरचं तोंड पाहू. तो हसत हसत जवळ आला का समजायचं, संपलं. हसला नाई तं अजून एक आठवडा हाय. सर, लोकं हसले का भीती वाटते मले अजून. जाताना जर्सीबी परत घेत. पाठीवरचं नाव खरडून दुसरीचं लावायचं राहते ना.

जिजाबाई : म्हनून या घरात दाखवाले एक शर्ट नाई तिचा.

पौर्णिमा : बाबा गेले तेव्हा कोसोवोत सीझन चालू होता. मॅनेजर म्हणे, गेलीस तर परत येऊ नको. मी आले. पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. हे जग पाह्यलं मी सर. सुलोचनाले सांगजा, खिडकीतून उठून ये म्हणा, बदलून घेऊ.

प्रभाकरराव : मी काय करू सांग. पाया पडू तुझ्या?

पौर्णिमा : नको. पाया पडलात की मग सगळे म्हणतील, आता तरी माफ कर, म्हातारा माणूस आहे. मला ते नको.

(फोन वाजतो. पौर्णिमा स्पीकर लावते आणि इंग्रजीत बोलते. पलीकडचा आवाज तिघांनाही ऐकू येतो. जिजाबाईंना मात्र इंग्रजी कळत नाही.)

पौर्णिमा : हॅलो तमार. हो, बाळ मजेत आहे. माझ्या आईनं तिला तेलात बुडवून ठेवलंय. हो, गं. खरंच.

जिजाबाई : काय म्हनते ते?

पौर्णिमा : सर, आईले इंग्रजी येत नाई. तुम्ही मराठीतून सांगा तिले.

प्रभाकरराव : मी?

पौर्णिमा : मास्तर होतात ना? एक शब्द गाळू नका. हां तमार, मयुरीला मी खेळताना पाहिलंय. सेलूच्या मैदानावर, गेल्या हिवाळ्यात. बास्केटखाली तिच्या हातात बॉल आला की कोणी काढून घेऊ शकत नाही. असे हात मी फार कमी पाहिले.

प्रभाकरराव : ती म्हणते, मयुरीचे हात चांगले आहेत.

जिजाबाई : बस, एवढंच? ते तं भल्ली लांब बोलली.

प्रभाकरराव : म्हणते, असे हात तिनं फार कमी पाहिले.

पौर्णिमा : पण एक खोड आहे तिला. शॉट मारला की ती वळून बेंचकडे बघते. कोच खूश झाला का ते बघते. तोवर समोरची टीम पळून जाते. ही खोड तिच्या कोचनं लावली आहे. त्याला आवडतं, पोरींनी आपल्याकडे बघितलेलं. मलाही लावली होती. घालवायला फार दिवस लागले.

जिजाबाई : मास्तर, सांगा ना. काय म्हनलं तिनं?

प्रभाकरराव : ती म्हणते, मयुरीला तिच्या कोचनं वाईट खोड लावली.

पौर्णिमा : कोणत्या कोचनं, सर? आईले नाव सांगा.

प्रभाकरराव : मी. मी लावली.

पौर्णिमा : काय म्हणालीस तमार? परत विचार.

जिजाबाई : आता काय इचारते? मास्तर? तोंड काऊन उतरलं तुमचं?

प्रभाकरराव : ती म्हणते, मागच्या वर्षी तिच्या टीममधली एक मुलगी अर्ध्या सीझनमध्ये लग्न करायला निघून गेली. टीम अडचणीत आली. म्हणून विचारते, हिचं काही... हिचं लग्न ठरलंय का.

जिजाबाई : माय वं माय!

पौर्णिमा : तमार, या मुलीचे आजोबा माझ्यासमोर बसले आहेत. ते सांगतील. घ्या सर, फोन घ्या. इंग्रजीतच सांगा.

प्रभाकरराव : मॅडम, नमस्कार. नाही. लग्न ठरलेलं नाही. मुलगी येईल. तिला खेळायचं आहे, मॅडम. तिला फक्त खेळायचं आहे. प्लीज.

जिजाबाई : काय म्हनले तुमी?

प्रभाकरराव : सांगितलं, लग्न ठरलेलं नाही.

जिजाबाई : अन् ते काय म्हनते?

प्रभाकरराव : म्हणते, घरच्यांचं ऐकून मी आधी फसले आहे. मला पौर्णिमाचा शब्द हवा.

पौर्णिमा : तमार, थोडा वेळ दे मला. मीच परत फोन करते.

जिजाबाई : झालं! आता सांग तिले. तवा तुह्या बापाचा शब्द कोनी इचारला नोता. आता तुहाच शब्द पायजे म्हनते ना? दे मंग शब्द.

प्रभाकरराव : जिजाबाई, पोरीनं काय केलंय हो?

जिजाबाई : माह्या पोरीनं काय केलतं?

पौर्णिमा : सर, मी तमारला सांगणार होते, तिचं लग्न ठरलंय. आज सकाळी पक्कं होतं. तुम्ही गोरसपाक घेऊन आलात तेव्हा तर जास्तच पक्कं झालं.

प्रभाकरराव : आणि आता?

पौर्णिमा : आता वाटते, त्यानं तुमचं काहीच बिघडनार नाई. तुम्ही घरी जासान, मयुरीले जवळ घेसान. म्हणसान, लोकं असेच राहतात बेटा, आपल्या चांगल्यावर जळतात. ती तुमच्या खांद्यावर रडन. तुम्ही अजून मोठे होसान तिच्यासाठी. माझा सूड, अन् आरती तुमची. नाई जमत मले.

प्रभाकरराव : मग काय हवंय तुला?

पौर्णिमा : मयुरीला सांगायचं. आजच. समितीला माझ्याबद्दल काय सांगितलं, कोणासाठी सांगितलं, माझ्या बाबांना गेटवर काय सांगितलं. तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून.

प्रभाकरराव : तू दुसरं काहीही सांग. मी गावाला सांगतो. मैदानावर माइक घेऊन सांगतो.

पौर्णिमा : गाव काय, दोन दिवस चघळेल आणि विसरेल. तिलाच सांगायचं.

प्रभाकरराव : पौर्णिमा, ती माझ्याकडे... तिला वाटतं माझ्यासारखा सरळ माणूस नाही. ती माझं तोंड बघणार नाही गं.

पौर्णिमा : माहीत आहे. म्हणूनच तर.

प्रभाकरराव : आणि नाही सांगितलं तर?

पौर्णिमा : तर मी सांगीन. माझ्या तोंडून लांबेल ते. मी काहीच गाळनार नाई. 'तुमच्याकडे' म्हणालात, तेबी नाई.

प्रभाकरराव : इतका राग राहतो माणसात?

पौर्णिमा : राहतो ना. एकदा गेटच्या बाहेर उभं राहून पाहा.

प्रभाकरराव : ठीक आहे. सांगतो तिला. आज संध्याकाळी. तू फोन कर.

पौर्णिमा : हॅलो तमार. हो. माझा शब्द. लग्नबिग्न काही ठरलेलं नाही. बोलाव तिला.

जिजाबाई : काय म्हनलं? मास्तर, आता काय म्हनलं तिनं?

प्रभाकरराव : म्हणाली, बोलाव.

जिजाबाई : बाप्पा!

प्रभाकरराव : येतो मी.

जिजाबाई : गेला. चप्पल उलटी घालून गेला पाह्य. सोडलंस ना त्याले? दोन दिवस घोकलं, अन् येन टायमाले सोडलंस.

पौर्णिमा : सोडलं नाई आई. हिले दे माझ्यापाशी. भूक लागली तिले.

*

जिजाबाई : पौर्णिमा वं, कोन आली पाह्य सकाळी सकाळी. चौकटीत मावत नाई बाप्पा.

मयुरी : जय भीम, काकू. ताई आहे का?

जिजाबाई : जय भीम. वाकून ये, कपाळ फुटन. आमच्या पोरीले बी ह्याच चौकटीचे दोन टेंगूळ हायेत. कोनाची तू?

मयुरी : मयुरी. प्रभाकर सरांची नात.

जिजाबाई : हं. तुले दुरून पाह्यलं होतं. जवळून नोतं पाह्यलं.

पौर्णिमा : ये मयुरी. खाली बस, हिचा डोळा लागला आताच.

मयुरी : ताई, आबांनी सांगितलं काल.

पौर्णिमा : काय सांगितलं?

मयुरी : जेवायला बसत होतो. म्हणाले, मयुरी, ताट बाजूला ठेव. मग समितीचं सांगितलं. सुलोचना आत्याचं सांगितलं. तुमचे बाबा गेटवर आले होते ते. आणि काल इथं बसून ते म्हणाले ना, तुमच्याकडे मुलींची लग्नं लवकर होतात, तेही सांगितलं.

पौर्णिमा : तेबी सांगितलं?

मयुरी : हो. का? ते सांगायचं नव्हतं का?

पौर्णिमा : ते मी मागितलं नव्हतं. जाऊ दे. मंग तू काय म्हणालीस?

मयुरी : ताट तसंच ठेवलं. उठून गेले. अजून बोलले नाई त्यांच्याशी. आज ते मैदानावर पण गेले नाहीत. पोरी वाट पाहून घरी गेल्या. ताई, मी दुसरंच सांगायला आली. मी नाई जात जॉर्जियाले.

जिजाबाई : काय म्हनते हे?

मयुरी : मॅडमसाठी मेसेज लिहून ठेवला, पाठवला नाई अजून. म्हटलं पहिले तुम्हाले सांगावं. ताई, ज्या घरानं तुमची जागा खाल्ली, त्या घरची मी. कोणत्या तोंडानं खेळू तिथं? तुमच्याच शब्दावर? तुमच्याच टीममध्ये? आत्याच्या नोकरीचे पेढे खाल्ले होते मी लहानपणी. ते पण आठवले काल.

जिजाबाई : अवं पोरी, काल दिवसभर मीच म्हनत होती, हिचं होऊ नये म्हनून. अन् हे पाह्य, आपल्याच हातानं करून राह्यली.

पौर्णिमा : आई, चहा टाक.

जिजाबाई : टाकतो ना. हाकल मले.

पौर्णिमा : मयुरी, इकडं पाह्य. मी सूड घेतला, लपवत नाई तुझ्यापासून. तुझ्या आबाले जे सगळ्यात दुखीन, तेच मागितलं मी. काल रात्री मैना दूध पीत होती अन् मले बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं, का तिकडं आता म्हातारा मान खाली घालून बसला असंन.

मयुरी : बसलेच होते.

पौर्णिमा : तो सूड त्यांच्यावर हाय. तू गेली नाई तं काय होते माहीत हाय? परत एका पोरीले कोनीतरी घरी बसवलं, असं होते. तेव्हा प्रभाकर मास्तर होते, आता मी. मले तुझ्या आबासारखं नाई व्हायचं. एवढं तरी करशील का माझ्यासाठी?

मयुरी : तुम्ही माफ केलं त्यांना?

पौर्णिमा : नाई.

मयुरी : कधी करसान?

पौर्णिमा : माहीत नाई. करीन का नाई तेबी माहीत नाई. ते मी अन् तुझा आबा पाहून घेऊ. आमच्या मधात तू उभी राहू नको, तुले दोन्हीकडून लागन.

मयुरी : मी त्यांच्याशी बोलू का?

पौर्णिमा : मले काऊन विचारतेस? तुझा आबा हाय. नाई बोलावंसं वाटलं तं नको बोलू. बोलावंसं वाटलं तं माझ्यासाठी थांबू नको.

जिजाबाई : चहा घे. अन् साखर कमी म्हनू नोको, आमच्याकडं गोडच राहते. ए, उठली वाटते मैना.

मयुरी : मी घेऊ हिले?

पौर्णिमा : घे.

जिजाबाई : मान धर, मान! बॉलवानी नोको धरू तिले.

मयुरी : किती हलकी आहे. हसते पण.

पौर्णिमा : सगळ्याइले पाहून हसते. तिले अजून काई माहीत नाई ना. तो मेसेज काढून टाक पहिले. मोबाइल इकडं दे, मीच काढते.

मयुरी : काढला. ताई, तिथं राहायचं कुठं?

पौर्णिमा : बेकरीच्या वर खोली हाय, हॉलपासून जवळच. पहाटे पावाचा वास येते. सुरुवातीले छान वाटते, मंग भूक लागत राहते उगाच. खालची म्हातारी कडक हाय, पन आजारी पडलीस तं सूप आणून देईन. तिची भाषा समजली नाई तरी ती बोलतच राहते. तूबी वर्धेच्या भाषेत बोलजो तिच्याशी, तिले चालते.

मयुरी : आणि काय?

पौर्णिमा : खिडकीपाशी एक लाकडी कपाट हाय. पोहोचली का त्याच दिवशी बॅग पूर्ण रिकामी करजो. एकूण एक कपडा त्या कपाटात लावजो.

मयुरी : काऊन? बॅगेत ठेवले तं खराब होतात?

पौर्णिमा : नाई वं. कधी घरी पाठवतीन म्हणून मी नऊ वर्षं बॅगेतूनच काढून घातले.